उभ्या पोरांचा मंडप

नाना गेले तो शुक्रवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला, ओट्यावर जाऊन बसले, आणि काकू कप न्यायला आल्या तेव्हा ते गेले होते. मुलगा सुरतेहून पोचेपर्यंत दुपार झाली. स्मशानात पत्र्याखाली माणसं मावली नाहीत. पोरांनी बांबू धरले, बांबूंवर कापड चढवलं आणि बाहेरच्यांवर सावली केली. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या कापडाखाली मीही होतो. शेजारी उभे असलेले म्हातारे शिंपी हळूच म्हणाले, "नाना असते तर म्हणाले असते, तिकडचा कोपरा वीतभर खाली घ्या." कोपरा धरलेल्या मुलीनं ते ऐकलं आणि डोळे पुसता पुसता खरोखरच बांबू वीतभर खाली घेतला. ऊन आमच्या पायांवरून मागे सरकलं. कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी हसलं. शेवटी टॉवेलात तोंड खुपसून आमची सगळी गल्ली हसत होती, आणि ते कुणालाही गैर वाटलं नाही.

नाना माझे घरमालक, काकू त्यांच्या पत्नी. मी त्या तालुक्याच्या गावी वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलो तेव्हा खोली शोधत हिंडत होतो. लोक आधी आडनाव विचारत. आडनाव ऐकलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असे. नानांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी मला भर दुपारी रस्त्यात उभं पाहिलं, माझं मनगट धरलं आणि समोरच्या भिंतीच्या सावलीत नेऊन उभं केलं. मग विचारलं, "दुपारी झोपता का?"

"नाही. दुपारी वाचनालयात असतो."

"मग वरची पश्चिमेची खोली चालेल. पश्चिमेची खोली दुपारी माणसाची नसते."

एवढ्यात व्यवहार झाला. माझं आडनाव त्यांना पुढे कधीतरी पोस्टमनकडून कळलं असेल. त्यावर ते काही बोलल्याचं मला आठवत नाही. पश्चिमेच्या खिडकीबद्दल मात्र ते दर उन्हाळ्यात माझी माफी मागत.

त्यांनी जन्मभर मंडपाचा धंदा केला. लग्न, बारसं, दहावं, सप्ताह, निवडणुकीची सभा, काहीही असो, गावावर सावली नानांची. पुढे लॉन आणि मंगल कार्यालयं निघाली आणि धंदा बसला. नानांनी पातेली विकली, खुर्च्या विकल्या, सतरंज्या शाळेला दिल्या. बांबू मात्र ठेवले, आणि मांजरपाटाचं दुहेरी शिवलेलं एक पांढरं कापड ठेवलं. काकू विचारत, "हे कशाला ठेवलंय?" नाना म्हणत, "ऊन कुठं बंद झालंय?"

धंदा सुटला, सवय सुटली नाही. रेशनच्या दुकानापुढे बायांची रांग उन्हात दिसली की नाना घरी येत, कापडाची गुंडाळी खांद्यावर टाकत आणि जात. कुणी बोलावलेलं नसे. बँकेपुढे पेन्शनवाले, दवाखान्यापुढे बाळंतिणीचे नातेवाईक, एकदा तर कुणाची तरी बांधलेली म्हैस. रस्त्यात त्यांना कुणी हाक मारली तर ते ओ देत नसत. आधी सावलीची बाजू गाठत आणि तिथून हात करत. "पहिले सावली, मंग बोलनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीत ते अहिराणी बोलत, माझ्याशी आणि कचेरीत मराठी. राग आला की दोन्ही.

सावलीत त्यांच्या मते जाती होत्या. पत्र्याची सावली भाजते, ताडपत्रीची उकडते, कापडाची बसू देते आणि झाडाची झोपवते. मी एकदा म्हटलं, छत्रीची? ते म्हणाले, "छत्रीची सावली स्वार्थी. एकाचीच."

त्यांच्या धंद्यातली एक हकिकत गावात अजून सांगतात. एका मोठ्या बागाईतदाराच्या मुलीचं लग्न होतं, वैशाखातलं. चोपड्याकडचे केळीवाले पाहुणे आलेले. मंडप भरलेला, आणि बँडवाले बाहेर उन्हात लाल कोट घालून वाजवत होते. नाना मागून आले. त्यांनी चार गडी लावले आणि लग्न लागायच्या आधीच मंडपाची एक बाजू हळूहळू सोडून पुढे ओढली. बँडवाल्यांवर सावली आली आणि मुलीच्या चुलत्यांच्या ओळीवर ऊन आलं.

लग्नघरचे मालक धावत आले. "ओ नाना, माझा मंडप लहान केला तुम्ही!"

"लहान नाही केला, भाऊ. सरकवला."

"आमच्या पाहुण्यांवर ऊन आलं!"

"पाहुणे नुसते बसलेत. हे वाजवून राहिले. सगळे वाजवतील तेव्हा बठ्ठ्यास्ले सावली."

चुलते उठून बँडवाल्यांच्या शेजारी येऊन बसले, आणि त्यांतल्या एकानं पुढे डफडं हातात घेतलं म्हणतात. मला हा शेवट नंतर जोडलेला वाटतो. पण मी तो दुरुस्त करत नाही.

वाचनालयात नाना रोज यायचे, वाचायला नव्हे. खिडकीतून येणारं ऊन टेबलावर कुठं पडतं ते बघायचे आणि टेबल सरकवायचे. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना त्यासाठी उठावं लागायचं. संध्याकाळी ओट्यावर ते मला म्हणायचे, "ग्रंथपाल, आज काय वाचलं? गोष्ट सांगा." मी सांगायला लागलो की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या महिन्यातली?" मे महिन्यातली असेल तर ते हात आडवा करायचे. "नको. तो महिना आपल्याकडे आहे की." एकदा एक चांगली गोष्ट त्यांनी ऐकावी म्हणून मी ती माघात नेली. ते गप्प ऐकत होते. नायकाच्या आईनं आंबे पिकत घातले तसे उठून बसले. "माघात आंबे? तुमचा लेखक कुठला म्हणायचा?"

आता पल्लवीबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय नाना पूर्ण होत नाहीत.

पल्लवी कॉलेजात शिकत होती आणि वाचनालयाची सभासद होती. हवा का तापते, समुद्र का चढतो, हिमनद्या का वितळतात, अशी पुस्तकं ती मागायची. आमच्याकडे होती तेवढी तिनं संपवली आणि मग जळगावहून मागवायला लावली. तिची आई रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जायची. आदल्या मे महिन्यात ती भर दुपारी खडीवरच पडली होती. सलाइन लागलं, आणि सलाइन उतरल्यावर ती पुन्हा त्याच रस्त्यावर गेली. पल्लवीला हिमनद्यांचं जे कळत होतं ते इथून सुरू झालेलं होतं. पुढचा मे येत होता आणि आई कामावर जाणारच होती.

जगात कुठंकुठं मुलं शुक्रवारी शाळा-कॉलेज सोडून सरकारच्या दारात बसतात, हे तिनं वाचलं होतं. तिनं दहा-पंधरा मुलंमुली जमवली आणि तालुक्याच्या कचेरीच्या फाटकापुढे उभी केली. कचेरी वाचनालयाच्या समोरच, त्यामुळे मला खिडकीतून सगळं दिसायचं. मागण्या मोठ्या होत्या. सरकारनं कोळसा कमी करावा, सातपुड्यातलं जंगल तोडू नये, उष्णतेला आपत्ती म्हणावं. आणि एक मागणी गावापुरती होती. उन्हाळ्यात सरकारी कामं दुपारी बारा ते चार बंद ठेवावीत आणि मजूर नाक्यावर सावली व पाणी करावं. नाका म्हणजे सकाळी मजूर कामासाठी येऊन थांबतात तो चौक. आमच्याकडे केळीच्या बागेला गरम वारा लागू नये म्हणून चारही बाजूंनी हिरवी जाळी बांधतात. पल्लवीच्या हातातल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'केळीला जाळी आहे. आईला?'

निवेदन दिलं की आतून पोच मिळायची. पोच म्हणजे शिक्का. आणखी काही मिळत नव्हतं. साहेब कूलरपुढे, पोरं फाटकाबाहेर.

दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारी नाना तिथून चालले होते. ते समोरच्या भिंतीच्या सावलीत थांबले आणि तिथूनच ओरडले, "ए पोरहोन, काब्र उनमा उभा शेतस?"

पल्लवी म्हणाली, "आंदोलन आहे, नाना."

"ते दिसतंय. कोणाविरुद्ध?"

"सरकारविरुद्ध. ऊन वाढतंय आणि ते काही करत नाहीत."

"भांडण उन्हाशी, आणि उभं त्याच्याच घरात?"

पोरं हसली. पल्लवी नाही हसली. नाना घरी गेले, आणि थोड्या वेळानं हातगाडीवर बांबू आणि कापड घेऊन आले. फाटकावरचा हवालदार पुढे झाला. "नाना, मंडपाला परवानगी लागते. कचेरीपुढे खड्डा खणता येत नाही."

"खड्डा कोण खणतंय?" नानांनी एकेका पोराच्या हातात एकेक बांबू दिला. कोपऱ्यांना उंच मुलं, मध्ये पल्लवी. "हवालदारसाहेब, पोरांना इथं उभं राहायला परवानगी आहे ना?"

"उभं राहायला आहे."

"मग ती उभी आहेत."

"हातात बांबू आहे त्यांच्या."

"रिकाम्या हातानं उभं राहावं असा हुकूम आहे का?"

हवालदारानं वर कापडाकडे पाहिलं, खाली पोरांच्या पायांकडे पाहिलं. जमिनीत काहीच रोवलेलं नव्हतं. मग त्यानं टोपी काढली, घाम पुसला आणि तो आत येऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून गाव त्याला उभ्या पोरांचा मंडप म्हणू लागलं. दर शुक्रवारी तो उभा राहायचा. हात भरून आले की मुलं बदलायची, आणि बदलताना कापड एका बाजूनं खाली यायचं तेव्हा आतल्यांचा एकच आरडाओरडा व्हायचा. आधी पोरांकडे कुणी बघत नव्हतं. आता उताऱ्याला आलेले, दाखल्याला आलेले, तारखेला आलेले, सगळे सावली बघून आत येऊन बसू लागले. बसल्यावर ऐकणं आलंच. कुणी म्हणायचं, हे सगळं मोबाइलमुळं झालं. कुणी म्हणायचं, आमच्या केळीची पानं यंदा कडेनं करपली ती याच्यामुळंच का? पल्लवी समजावून सांगायची. जामनेरहून कामाला आलेला एक शेतकरी तिचं ऐकता ऐकता गाढ झोपला, आणि उठल्यावर म्हणाला, "पोरी, तुझं बरोबर आहे. इथून पुढचं सांग."

नाना आणि पल्लवी यांचं मात्र सारखं वाजायचं. ती म्हणायची, "नाना, सावलीनं काय होणार? ऊन कमी झालं पाहिजे."

"कर की कमी. मी नको म्हणतो का? तोवर बस."

"तोवर, तोवर करतच तुमच्या पिढीनं हे करून ठेवलं."

"माझ्या पिढीनं? मी काय केलं? मी सावल्या केल्या!"

"आणि प्रत्येक लग्नात डिझेलचा जनरेटर लावला. धूर कुठं गेला तो?"

 त्या दिवशी नाना न जेवता झोपले, असं काकूंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. पुढच्या शुक्रवारी ते मंडपात आले ते हातगाडीवर गंजलेला जनरेटर घेऊन. तो त्यांनी पल्लवीच्या पुढ्यात उतरवला. "हा घे. जप्त कर."

"मी कशी जप्त करू, नाना?"

"तुम्ही सरकारला सांगता ना, हे बंद करा, ते बंद करा? मग माझ्यापासून सुरू कर. पोच दे."

पल्लवीनं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर 'जनरेटर मिळाला' असं लिहून सही करून दिली. नानांनी ती घडी करून खिशात ठेवली. जनरेटर ठेवायला जागा नव्हती म्हणून तो वाचनालयाच्या अंगणात आला. त्यावर आम्ही पाण्याचा माठ ठेवला. त्याचा एवढा चांगला उपयोग पूर्वी कधी झाला नसेल.

चैत्र सरत आला. रस्त्याचं काम नाक्यापर्यंत आलं होतं आणि पावसाळ्याआधी संपवायचं म्हणून भर दुपारी चालू होतं. पल्लवीची आई त्यावर होती. पल्लवी शुक्रवारी बांबू धरायची आणि बाकीचे दिवस दुपार झाली की तिचं लक्ष कशात लागायचं नाही. वाचनालयात ती पुस्तक उघडून घड्याळाकडे बघत बसायची.

आखाजी तोंडावर आली तेव्हा नानांच्या डोक्यात एक बेत आला.

बाहेरचे लोक अक्षय्य तृतीया म्हणतात. खान्देशात त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबे ठेवतात. आणि गेलेल्या माणसाच्या जागी एका जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्या दिवसापुरता तो पितर. आमच्या घरी हे नसतं. माझे वडील वरणगावच्या फॅक्टरीत होते, आमच्याकडे वैशाखात सण म्हणजे बुद्धपौर्णिमा आणि खीर. पण शेजारीपाजारी बघून मला माहीत होतं.

कचेरीतले मोठे साहेब नवे होते, कोकणातले. कुटुंब तिकडेच. नाना आदल्या सकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेले आणि म्हणाले, "साहेब, उद्या आखाजी. आमच्याकडे पितर म्हणून बसायचं. जेवण नाक्यावर आहे." पितर म्हणजे कोण हे साहेबांना माहीत होतं, पण इकडे तसं बसणं हा प्रमुख पाहुण्यासारखा काही मान असावा, असं त्यांनी धरलं. एकट्या माणसाला पुरणाचं जेवण कोण नाकारतो? ते हो म्हणाले.

आखाजीच्या दिवशी कचेरी बंद, वाचनालय बंद, आणि रस्ता चालू. नाक्यावर पोरांनी मंडप धरला. आत घागर मांडलेली, पाट मांडलेला. काकूंनी घरी खापरावर पुरणाचे मांडे केले होते, आमरस, कुरडया आणि रशी, म्हणजे कटाची आमटी. साहेब आले, स्वच्छ पांढऱ्या शर्टात. त्यांच्याबरोबर अव्वल कारकून भाऊसाहेब, ते इथलेच. भाऊसाहेबांनी घागर पाहिली, पाट पाहिला, साहेबांना त्या पाटावर बसताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नाना," ते दबल्या आवाजात म्हणाले, "हाई काय शे? कोणाच्या नावानं बसवताय साहेबांना?"

"त्यांच्याच."

"त्यांच्याच म्हणजे? ते जिवंत आहेत, नाना!"

साहेबांच्या हातात मांड्याचा तुकडा होता. तो रसात बुडण्याच्या आधी थांबला. "भाऊसाहेब, काय म्हणतायत ते?"

भाऊसाहेबांनी सांगितलं. सांगताना त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, खरबुजाकडे पाहिलं. साहेब नानांकडे वळले. "म्हणजे मला मेलेला समजून जेवायला घातलंय?"

नाना समोर उकिडवे बसले. "नाही, साहेब. शंभर वर्षं जगा. पण पुढं कधीतरी ही पोरं घागर भरतील ती आपल्या नावानं. तुमच्या आणि माझ्या. तेव्हा विचारतील, या बाबांनी आमच्यासाठी पाणी किती ठेवलं, सावली किती ठेवली? तेव्हा आपण कुठं सापडणार सांगायला? म्हटलं, जेवताय तेव्हाच विचारून घ्यावं."

 बांबू धरलेल्या पोरांच्या माना ताठ झाल्या होत्या. मला वाटलं, साहेब आता उठतात. पण समोर मांडा होता, आणि भरल्या ताटावरून उठायचं नाही हे कोकणातही शिकवत असावेत. ते जेवू लागले.

आणि मग ऊन आलं.

साहेबांचा पाट मंडपाच्या पश्चिमेच्या कडेला होता. सूर्य कलला तशी सावली पूर्वेकडे सरकली. आधी साहेबांच्या पाठीवर ऊन आलं, मग मानेवर, मग डोक्यावर. शर्ट अंगाला चिकटला. ते पुढे वाकले, तर ऊनही पुढे आलं. नानांचा मंडप कधी चुकत नसे. घटकेनं सावली कुठं जाईल हे त्यांना झोपेतही कळायचं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कुरडई मोडत होते.

कडेचा बांबू पल्लवीच्या हातात होता. तिच्या समोर पन्नास पावलांवर रस्ता, रस्त्यावर खडीचे ढीग, आणि त्यात घमेलं घेतलेली तिची आई. तिच्या पायाशी घामानं भिजलेला एक माणूस घास गिळत होता. नानांनी सगळ्यांना बजावलं होतं, कुणी जागचं हलायचं नाही. ती बराच वेळ हलली नाही. मग म्हणाली, "नाना, मला नाही बघवत," आणि बांबू उचलून एक पाऊल बाहेर गेली.

एक बांबू हलला की बाकीच्यांना हलावंच लागतं, नाहीतर कापड फाटतं. कुणी ओरडलं, कुणी अडखळलं, आणि तो सगळा मंडप एक पाऊल चालला, मग आणखी एक. साहेबांवर सावली आली. पूर्वेची बाजू उघडी पडली आणि घागर, खरबूज, नाना, सगळं उन्हात आलं. नानांना उन्हात बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. ते हसत होते.

साहेबांनी वर पाहिलं. "तुझी मागणी होती ना ती? बारा ते चारची?"

"हो, सर."

"पुठ्ठ्यावर लिहितेस ती आई कुठल्या कामावर आहे तुझी?"

पल्लवीचे दोन्ही हात बांबूला होते. तिनं हनुवटीनं रस्ता दाखवला. साहेब तिकडे बघत राहिले. त्यांच्या मानेवरचा घाम अजून वाळला नव्हता. मग ते भाऊसाहेबांना म्हणाले, "ठेकेदाराला फोन लावा. आत्ता." आणि काकूंना म्हणाले, "आणखी एक मांडा मिळेल का?"

बाया घमेली ठेवून मंडपात आल्या. पल्लवीची आई पदरानं तोंड पुसत लेकीजवळ आली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "सरळ धर की तो. साहेबांच्या ताटात बांबू पडेल."

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. त्यांच्या अखत्यारीतली कामं उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार बंद. नाक्यावर छप्पर आणि पाणी. भाऊसाहेब पुढे कितीतरी दिवस सांगत, "साहेबांनी जिवंत सुटलो म्हणून सही केली." कोळशाचं आणि जंगलाचं निवेदन साहेबांनी शिफारस लिहून वर पाठवलं. ते जळगावला गेलं, तिथून मुंबईला गेलं. वरून अजून काही आलेलं नाही. पल्लवीनं नानांना ते ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्यांनाही जेवायला बोलाव." त्यावर ती हसली आणि म्हणाली, "नाना, मुंबईला पाट कुठं मांडायचा?" "तिथंही ऊन असेलच की," नाना म्हणाले.

मंडप मुद्दाम तसा धरायला लावला होता का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "चुकला, ग्रंथपाल. वय झालं." काकू आतून म्हणाल्या, "आदल्या दिवशी भर दुपारी नाक्यावर जाऊन बसले होते. काठी रोवून." नानांनी विषय बदलला. पोरीनं आपला मंडप बिघडवला, ही तक्रार मात्र त्यांनी शेवटपर्यंत केली, भेटेल त्याच्याकडे, आणि एखादं बक्षीस दाखवावं तशी.

नाक्यावरचं छप्पर झालं ते पत्र्याचं. नानांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग पोरांना घेऊन त्यांनी त्यावर केळीची वाळलेली पानं अंथरली आणि दोर बांधले. ते दर वर्षी करावं लागतं.

यंदाच्या आखाजीला नानांची घागर भरायची होती. मुलगा सुरतेहून आला होता. सकाळी काकू जिना चढून माझ्या खोलीत आल्या. "चला. पितर बसायचंय."

"काकू, आमच्यात हे नसतं. आम्ही पौर्णिमेला खीर करतो."

"खीर पौर्णिमेला करा. आज रस आहे."

"तुमचे भाऊबंद आहेत ना?"

"आहेत. ते म्हणतात, घरातच बसू, बाहेर फार ऊन आहे." त्या दाराला टेकल्या. "ह्यांना सगळे बाहेर बसलेले लागायचे."

मी गेलो. नाक्याच्या छपराखाली पाटावर बसलो. मी पितर मानत नाही. मुलानं माझ्या हातावर पाणी सोडलं, पल्लवीच्या आईनं रस वाढला. बाराच्या पुढची वेळ होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. मांडा फार चांगला झाला होता आणि मी दोन खाल्ले.

आता नाक्यावर छप्पर आहे. वाचनालयाच्या अंगणात जनरेटर आहे आणि त्यावर माठ आहे. पल्लवी जळगावला शिकते आणि शुक्रवारी तिथल्या मुलांबरोबर सरकारच्या दारात बसते. कापड आणि बांबू माझ्या पश्चिमेच्या खोलीत आहेत. आमच्याकडची पोरं शुक्रवारी सकाळी येऊन ते घेऊन जातात आणि संध्याकाळी परत आणून ठेवतात.